विदर्भातील गावघरात शार्क पाळताना : माशाची निवड, पाणी आणि उन्हाळा

नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूरच्या मत्स्यदुकानांत 'शार्क' या नावाने विकले जाणारे निदान तीन-चार प्रकारचे मासे दिसतात आणि गावाकडून खरेदीला आलेला हौशी माणूस त्यांतलाच एखादा पिशवीत घालून घरी आणतो. सहा महिन्यांनी एकतर मासा मेलेला असतो किंवा टाकीत मावेनासा झालेला असतो. दोन्हींचे कारण बहुधा एकच असते. मासा दुकानात पाहून निवडला जातो, घरचे पाणी, वीज आणि मे महिना पाहून निवडला जात नाही. पुढचे मार्गदर्शन बोअरच्या किंवा नळयोजनेच्या पाण्यावर चालणाऱ्या, वीज अधूनमधून जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावातील घरासाठी आहे. अशा घरात नीट जगू शकेल असा 'शार्क' माझ्या मते एकच आहे. तो म्हणजे चार फुटी टाकीत एकटाच ठेवलेला लालशेपटी किंवा त्याचा जवळचा भाऊबंद रेनबो शार्क. इतर पर्याय का टाळावेत, ते आधी पाहू.

दुकानातील शार्क ओळखणे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विकला जाणारा मासा म्हणजे चंदेरी-काळसर अंगाचा, पाठीवर उभा पर असलेला आणि तोंडापाशी बारीक मिशा असलेला 'इरिडेसंट शार्क'. नाव शार्क असले तरी तो खरा शार्क नाही. तो आग्नेय आशियातील मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगासियस नावाचा मासा आहे. बासा म्हणून हॉटेलात ज्याचे तुकडे वाढले जातात, तो बहुतेक वेळा हाच मासा असतो. दुकानात तो बोटाएवढा असतो, पण निसर्गात त्याची लांबी चार फुटांच्या पुढे आणि वजन ४० किलोंपर्यंत जाऊ शकते. तो कळपाने राहणारा, नजरेने मंद आणि अतिशय घाबरट आहे. खोलीतला दिवा एकाएकी लावला किंवा कोणी काचेवर टिचकी मारली की तो वेडावाकडा धावून काचेवर आदळतो आणि थुंतरी फोडून घेतो. घरच्या टाकीसाठी तो कोणीही घेऊ नये. तीन फुटी टाकीत तो वर्षानुवर्षे जगलाच तर वाढ खुंटून, पाठ वाकून जगतो, आणि त्याला पाळणे म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरा 'बाला' किंवा 'सिल्व्हर शार्क'. अंग चांदीसारखे आणि परांच्या कडा काळ्या असतात. हा आग्नेय आशियातील गोड्या पाण्याचा, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातील मासा असून त्याची लांबी ३५ सेंटिमीटरपर्यंत जाते. त्याला चार-पाचांची सोबत आणि पोहायला सहा फुटांहून लांब टाकी लागते. शिवाय झाकण उघडे राहिले तर तो उडी मारून बाहेर पडतो. मोठा हॉल, मोठी टाकी आणि भरवशाची वीज असेल तरच त्याचा विचार करावा.

तिसरा लालशेपटी शार्क. मखमली काळे अंग आणि तांबडीभडक शेपूट. चौथा रेनबो शार्क, ज्याचे अंग करडे आणि सगळेच पर तांबूस असतात. त्याचा पांढरा प्रकारही मिळतो. दोघेही १२ ते १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि नीट ठेवल्यास अनेक वर्षे जगतात. लालशेपटी मूळचा थायलंडचा. १९९६ मध्ये निसर्गातून नामशेष झालेली जात म्हणून त्याची नोंद झाली होती. पुढे चाओ फ्रायाच्या खोऱ्यात त्याची लहानशी वस्ती आढळली आणि आज तो अत्यंत संकटग्रस्त जातींत मोजला जातो. दुकानातले मासे मत्स्यशेतीत संप्रेरकांची टोचणी देऊन वाढवलेले असतात, त्यामुळे ते विकत घेतल्याने नदीतला मासा कमी होत नाही. मात्र ज्याची जात निसर्गात मोजकीच उरली आहे असा जीव आपण घरात आणत आहोत, याची जाणीव ठेवून त्याची काळजी घ्यावी.

खरा शार्क घरात ठेवता येतो का

हा प्रश्न तरुण मुले फार उत्साहाने विचारतात, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांतच द्यायला हवे. कोकणात ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात तो खरा शार्क हाडांऐवजी लवचीक कूर्चेच्या सांगाड्याचा, समुद्राच्या पाण्यातला जीव आहे. मत्स्यालयात टिकणाऱ्या जातींपैकी सर्वांत सोयीचा बांबू शार्क मानला जातो. तो तळाशी पडून राहतो, फार पोहत नाही. तरीही पूर्ण वाढ झाल्यावर तो अडीच ते साडेतीन फूट होतो. त्याच्यासाठी ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि २ फूट उंच अशी टाकी धरली तर तिच्यात सुमारे १,३५० लिटर पाणी बसते, आणि माझ्या दृष्टीने ही किमान मर्यादा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकी पहिल्यांदा भरायलाच ४७ किलो सागरी मीठ हवे, आणि दर आठवड्याला २०० लिटर पाणी बदलायचे ठरवले तर त्यासाठी पुन्हा ७ किलो. हे मीठ स्वयंपाकातले किंवा गुरांना चाटायला ठेवतात ते चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचे समुद्रातले प्रमाण नसते.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील वाचकांना वाटेल की आपल्या बोअरचे पाणी आधीच खारे आहे, मग शार्कला तेच का चालू नये. ते चालणार नाही. भूजलातील खारेपणाची घडण वेगळी असते आणि ते समुद्राच्या मानाने कितीतरी सौम्य असते. ते पाणी शार्कसाठी फारच अळणी आणि गोड्या पाण्यातल्या पुष्कळ माशांसाठी फार खारट ठरते.

सागरी मीठ आरओच्या शुद्ध पाण्यातच मिसळावे लागते आणि घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवते. ज्या गावात एप्रिलपासून टँकरची वाट पाहिली जाते तिथे हे करू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. त्याखेरीज पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, लागतो, तो आपली उष्णता त्याच खोलीत सोडतो आणि घरगुती इन्व्हर्टरवर फार काळ चालत नाही. खाद्य म्हणजे माकुल (स्क्विड) आणि कोळंबी, तीही ताजी किंवा नीट गोठवलेली. पाण्यात नायट्रेट साचले आणि आयोडीन कमी पडले तर शार्कला गलगंड होतो. माशांच्या रोगांवर सर्रास वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे त्याला विषारी ठरतात. शिवाय काही शार्क जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे जातीची खात्री नसलेला प्राणी विकत घेणे कायद्यानेही धोक्याचे आहे.

टाकी आणि तिची जागा

लालशेपटीसाठी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्यावी. तिची क्षमता सुमारे २५५ लिटर होते आणि वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता २२० ते २२५ लिटर पाणी राहते. काच १० मिलिमीटरची असावी आणि वरच्या कडेला आडव्या पट्ट्या बसवलेल्या असाव्यात. पाणी, वाळू, काच आणि स्टँड मिळून वजन ३०० किलोंच्या पुढे जाते. म्हणून लाकडी माळ्यावर किंवा शेणाने सारवलेल्या मऊ जमिनीवर ती थेट ठेवू नये. फरशीवर लोखंडी स्टँड, त्यावर जाड प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलची शीट, असा क्रम असावा, म्हणजे काचेवर कुठेही ताण येत नाही.

जागा निवडताना उन्हाळ्याचाच विचार करावा. टिनाच्या छपराखालची खोली आणि स्लॅबची वरची खोली टाळावी. जुन्या घरातील मातीच्या जाड भिंतींचे, कवेलूंच्या छपराचे माजघर यासाठी उत्तम, कारण तिथला पारा बाहेरच्या मानाने बराच खाली असतो. खिडकीतून ऊन येणार नाही, चुलीचा धूर येणार नाही आणि शेतीची औषधे ठेवण्याची कोठी शेजारी असणार नाही, एवढे पाहावे.

तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू दोन इंचांपर्यंत घालावी. नदीची वाळू आणली तर बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. आडोसा म्हणून बाजारातली प्लॅस्टिकची जहाजे घेण्याची गरज नाही. जुनी, चुना किंवा रंग न लागलेली दोन-तीन कवेलू घासून, उकळत्या पाण्यातून काढून, पालथी मांडली की छान गुहा तयार होतात. लालशेपटी त्यातले एक कवेलू आपले मानतो. ते कोणते हे दोन दिवसांत कळते, कारण दुसरा मासा त्या बाजूला वळला की हा आतून बाणासारखा निघतो, त्याला टाकीच्या मध्यापर्यंत पिटाळतो आणि परत फिरून कवेलूच्या तोंडाशी, शेपूट बाहेर आणि डोके आत करून थांबतो.

फिल्टर ताशी १,००० ते १,२०० लिटर पाणी फिरवणारा असावा आणि त्याच्या जोडीला हवेच्या पंपावर चालणारा एक मोठा स्पंज फिल्टर हवाच. दोन्ही मिळून ३० वॅट धरले तर चोवीस तासांना पाऊण युनिटहून कमी आणि महिन्याला २२ युनिटांच्या आसपास वीज लागते. झाकण घट्ट असावे. लालशेपटीही उडी मारतो.

पाणी

विदर्भाच्या बहुतेक भागांत बोअरचे पाणी जड असते. घागरीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल तर टाकीतही तो बसणार. लालशेपटीला सामू (पीएच) ६.५ ते ७.५ आणि मध्यम जडपणा मानवतो. थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते, एकाएकी झालेला बदल मात्र चालत नाही. म्हणून पहिल्यांदा पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, आणि सामू मोजून घ्यावा. टीडीएस मोजण्याचे खिशातले यंत्र स्वस्त मिळते आणि या कामी ते फार उपयोगी पडते. टीडीएस ४०० च्या आत असेल तर तेच पाणी वापरावे. त्याहून बराच जास्त असेल तर गावातल्या आरओ केंद्राचे जारचे पाणी निम्म्याने मिसळावे. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ दिल्यानंतर छपरावरून धरलेले पाणी यासाठी सर्वांत चांगले असते आणि झाकलेल्या टाकीत ते महिनोन् महिने टिकते. निव्वळ आरओचे किंवा निव्वळ पावसाचे पाणी मात्र भरू नये, कारण त्यात सामू धरून ठेवणारे क्षार नसतात.

नळयोजनेच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. असे पाणी उघड्या टाक्यात हवेचा पंप लावून दोन दिवस ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वेष्टनावरच्या प्रमाणात घालावे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण विरघळलेला प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही एक दिवस हवा देऊनच वापरावे. शेतातल्या विहिरीचे पाणी शक्यतो टाळावे, कारण खतांचे नायट्रेट आणि फवारणीचे अंश त्यात उतरलेले असू शकतात.

टाकी पिकू देणे

टाकी भरली की दुसऱ्या दिवशी मासा सोडणे ही सर्रास होणारी गोष्ट आहे आणि बहुतेक मासे त्यामुळेच मरतात. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. स्पंजमध्ये वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी आहे, आधीचे दोन्ही विषारी आहेत. हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि चाचणी संचाने आठवड्यातून दोनदा मोजणी करावी. अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्यावर आले की टाकी पिकली. कोणा ओळखीच्याकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो.

आपल्या जड पाण्यात या पायरीला आणखी महत्त्व आहे. सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहूनही कमी भाग खऱ्या विषारी स्वरूपात असतो, पण सामू ८ झाला की २५ अंशांनाच तो ५ टक्क्यांच्या पुढे जातो आणि पाणी तापले की आणखी वाढतो. पुण्याच्या मऊ पाण्यात ज्या चुकीने मासा नुसता मलूल होईल, त्याच चुकीने यवतमाळच्या बोअरच्या पाण्यात तो मरू शकतो.

ही सगळी तयारी पोळ्यानंतर सुरू करावी, असा माझा आग्रह आहे. म्हणजे दिवाळीच्या सुमारास टाकी पिकते, मासे हवा मवाळ असताना येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत फिल्टर पूर्ण मुरलेला असतो. मार्चनंतर नवी टाकी सुरू करू नये.

मासे आणणे

आधी सोबती आणावेत, शार्क सर्वांत शेवटी. तो आधी आला तर सगळी टाकी आपलीच समजतो आणि नंतरच्या कोणालाही टिकू देत नाही. सोबती चपळ आणि वरच्या थरात पोहणारे असावेत. झेब्रा डॅनिओचा आठ-दहांचा थवा किंवा रोझी बार्बचा सहा-सातांचा थवा योग्य ठरतो. दोन्ही मूळचे भारतातलेच असून काटक आहेत. गोल्डफिश, लांब शेपटीचे गप्पी आणि तळाशी राहणारे इतर मासे नकोत. एका टाकीत दोन लालशेपटी किंवा एक लालशेपटी व एक रेनबो कधीही ठेवू नये. दोघांतला कमजोर आठवडाभरात कोपऱ्यात दबून बसतो आणि खाणे सोडतो.

दुकानात मासा निवडताना रंग पाहावा. काळा रंग राखाडी पडला असेल, पर मिटलेले असतील किंवा पोट खपाटीला गेले असेल तर घेऊ नये. प्राणवायू भरलेली पिशवी थर्माकोलच्या पेटीत ठेवून सकाळच्या गाडीने आणावी. घरी आल्यावर दिवा बंद करून पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्यावी, मग दर दहा मिनिटांनी टाकीतले वाटीभर पाणी तिच्यात घालत तासाभराने मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. ४०-५० लिटरच्या टबात स्पंज फिल्टर लावून दोन-तीन आठवडे मासा वेगळा ठेवता आला तर अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टाकीत शिरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

उन्हाळा

विदर्भात मासे पाळणाऱ्याची खरी परीक्षा एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंत असते. लालशेपटीला २४ ते २७ अंश मानवतात, २९-३० तो काही काळ सोसतो आणि त्यापुढे धोका सुरू होतो. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. २५ अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सुमारे ७. त्यात वीज गेली आणि पाणी हलणे थांबले तर तास-दोन तासांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

आपल्या बाजूला एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मे महिन्यातली कोरडी हवा. कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि वाफ होताना पाणी थंडावते. म्हणून टाकी कूलरच्या खोलीत ठेवावी आणि दुपारी झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून एक लहान पंखा पाण्यावर तिरका लावावा. यानेच पारा दोन ते चार अंशांनी उतरतो. टाकीच्या पाठीमागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून थर्माकोल चिकटवावा, दिवा फक्त संध्याकाळी लावावा आणि खाद्य निम्मे करावे. तरीही पारा ३० च्या वर गेला तर गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या तरंगत सोडाव्यात. २२५ लिटर पाणी एक अंशाने थंड करायला लिटरभराच्या साधारण दोन बाटल्या लागतात, या हिशेबाने फ्रीजमध्ये सहा बाटल्या तयार असाव्यात. मात्र तासाला एका अंशाहून जास्त उतार देऊ नये. सुटा बर्फ पाण्यात टाकू नये.

पंख्याने आणि कूलरने पाणी रोज बोटभर कमी होते. उडते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे तूट बोअरच्या पाण्याने भरत गेल्यास टाकीचा टीडीएस महिनाभरात कुठच्या कुठे जातो. उन्हाळ्यातली रोजची भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावी, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना मात्र नेहमीचे मिश्र पाणी वापरावे. जून लागून हवा दमट झाली की पंख्याचा आणि कूलरचा उपयोग एकदम घटतो. पाऊस लांबलेले ते आठ-दहा दिवस सर्वांत वाईट असतात आणि बाटल्यांची खरी गरज तेव्हाच पडते.

विजेसाठी इन्व्हर्टर असेल तर त्यावर हवेचा पंप जोडून ठेवावा. तो अवघ्या पाच वॅटचा असतो आणि रात्रभर सहज चालतो. इन्व्हर्टर नसेल तर चार्जिंगवर चालणारा हवेचा पंप घ्यावा आणि तो चार्ज आहे की नाही हे दर रविवारी पाहावे. बंद डब्याचा फिल्टर तीन-चार तास बंद राहिला तर आतले जीवाणू गुदमरून कुजतात, म्हणून वीज आल्यावर तो तसाच सुरू न करता टाकीतल्याच पाण्याने विसळून सुरू करावा.

हिवाळ्याला एवढे लांबण लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, त्यासाठी २०० वॅटचा आपोआप बंद होणारा हीटर २५ अंशांवर लावून ठेवावा.

खाणे आणि फवारणी

तळाशी बुडणारी गोळी दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकीच द्यावी. आठवड्यातून दोनदा काकडीची सोललेली फोड किंवा उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पाने द्यावीत. उरलेला तुकडा संध्याकाळी काढावा. भात, पोळी, बिस्कीट कधीही नको.

कपाशी, सोयाबीन आणि संत्र्याच्या पट्ट्यातील घरांसाठी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कीटकनाशकांतील पायरेथ्रॉइड वर्गाची औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात, आणि घरात लावली जाणारी डासांची अगरबत्ती, लिक्विड व स्प्रे बहुतेक याच वर्गातली असतात. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, म्हणून टाकीच्या खोलीत ती लावू नयेत. मच्छरदाणी वापरावी. ग्रामपंचायतीची धूरफवारणी गल्लीत आली की दारे-खिडक्या लावून पंप तेवढा वेळ बंद ठेवावा. फवारणीच्या दिवशी शेतातून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याखेरीज टाकीत हात घालू नये, आणि टाकीच्या बादल्या, मग, नळी वेगळ्या ठेवून त्या दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नयेत.

मासा नकोसा झाला तर

ज्यांच्या घरी आधीच पंगासियस आहे आणि तो टाकीत मावत नाही, त्यांनी तो गावतलावात, विहिरीत किंवा वैनगंगा, वर्धा, पैनगंगेत सोडू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मालगुजारी तलावांवर ढीवर समाजाची पिढ्यान् पिढ्यांची उपजीविका चालते. घरच्या टाक्यांतून सोडलेला सकर मासा देशातल्या कितीतरी तलावांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. शेततळेही सुरक्षित नाही, कारण मोठ्या पावसात ते भरून वाहते आणि मासा नाल्याला लागतो. दुकानदार परत घेतो का, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे. तो घेत नसेल तर परवान्याने पंगासियसची शेती करणाऱ्या मत्स्यशेतकऱ्याला मासा द्यावा. रोगाने मेलेला मासा ओढ्यात न टाकता बांधावर हातभर खोल पुरावा, आणि त्याच्या टाकीतले पाणी नालीत सोडण्याऐवजी परसातल्या झाडांना घालावे. त्या पाण्यात औषध घातलेले असेल तर भाजीच्या वाफ्याला मात्र ते देऊ नये.